वांगणी, व्हाया वाणगाव

मिक्सरचं भांडं बदलापूरच्या पुढे वांगणीला यायचं होतं, ते डहाणूच्या अलीकडे वाणगावला जाऊन बसलं. कुरिअरच्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, "काका, सिस्टीमने अ‍ॅड्रेस मॅच केलाय." एक स्टेशन मध्य रेल्वेवर, दुसरं पश्चिम रेल्वेवर, मध्ये दादरचा पूल. सिस्टीमला तो पूल चढायचा नसतो.

म्हटलं, बघू तरी हे मॅचिंग काय असतं. या विद्येचा मूळपुरुष साउंडेक्स. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थाने १९१८ साली त्याचं पेटंट मिळवलं, तेव्हा इकडे लोकमान्य हयात होते. पुढे तिथल्या जनगणनेच्या ढिगातून आडनावं हुडकायला ही रीत कामी आली. इंग्रजी स्पेलिंगचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर फेकायचे, उरलेल्या व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे, तीन आकडे भरले की थांबायचं. नावात 'साउंड' आहे, पण या यंत्राला कान नाही; ते फक्त अक्षरं मोजतं. वांगणी झाली व्ही-५२५. वाणगावही व्ही-५२५. जुळी भावंडं! पण कुणी व्हीऐवजी डब्ल्यूने वांगणी लिहिली, तर ती डब्ल्यू-५२५, म्हणजे परकी. वांगणी आणि वाणगाव एक. वांगणी आणि वांगणी मात्र दोन.

मग मला नादच लागला. पाटील पी-३४०, पटेलही पी-३४०. १ मे १९६० ला एवढ्या खटपटीने जे वेगळं केलं, ते याने एका अक्षरात आणि तीन आकड्यांत पुन्हा एक केलं. शिंदे, सावंत आणि संत तिघेही एस-५३०, म्हणजे एकाच गटात. (राजकारणाचा इथे संबंध नाही. संत तर नाहीतच.)

दुसरा गुरू रशियातला, लेवेनश्टाइन. त्याचं १९६५ चं गणित सोपं: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात ते मोजा. या हिशेबाने वांगणीतला 'ण' काढला की वांगी. अंतर फक्त एक. फोनवर गावाचं नाव टाइप करताना भरल्या वांग्यांची पाककृती समोर का येते, हे मला त्या दिवशी कळलं. तरी यंत्रालाच का हसा? उल्हासनगरच्या एका दुकानदाराने पावतीवर वांगणी वाचून मला विचारलं होतं, "साईं, सिंधमध्ये मूळ गाव कोणतं?"

असो. भांडं परत मागवायला कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीतली मुलगी गोड हसून म्हणाली, "काका, ऑर्डरवर तुमचं नाव एक्सने लक्ष्मण आहे. आधारवर के-एस-एचने. मॅच होत नाही." मी म्हटलं, "बाई, साउंडेक्समध्ये दोन्ही एल-२५५ होतात." ती म्हणाली, "एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा."

म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटरवरची दोन गावं एक करताना यांना काही अडलं नाही. एक म्हातारा मात्र दोन निघाला. चूक त्यांची असेल तेव्हा कानाने जुळवायचं, पैसे आमचे असतील तेव्हा भिंग लावायचं, हा नियम कुठल्या पेटंटात आहे ते रसेलसाहेबांनाच विचारायला हवं.

गेल्या वर्षी, २०२५ च्या स्थानिक निवडणुकांआधी, मतदारयाद्यांत संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे आले. वांगणीकरांना ताऱ्यांचं अप्रूप नाही. खगोल मंडळाची मुंबईकर मंडळी रात्रभर तारे बघायला आमच्याकडेच येतात. फक्त आकाशातल्या ताऱ्यांपैकी कुणी आजवर मला, तो तूच का, असं विचारलेलं नाही.

परतताना कर्जत गाडीत तुडुंब गर्दी. आमच्या वांगणीत अंध कुटुंबं बरीच. त्यातलेच एक फेरीवाले कीचेन-कंगवे विकत दाराशी आले. मी आठ महिन्यांनी त्या गाडीत होतो. गर्दीत कुणाला तरी "जरा सरका हो" एवढंच म्हणालो.

"लक्ष्मणकाका ना?" ते थांबले. "बायको म्हणत होती, तुमच्याकडे मिक्सर बंद आहे. भांडं आलं का?"