दंड भरा, पोरगं शिकवा

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात रस्त्यावरचे खड्डे दिसेनासे होतात, कारण माना वर असतात. वर फलक असतात. दसरा चौकापासून राजारामपुरीपर्यंत एकच टॉपर तीन अकॅडमींच्या फलकांवर हसतो आणि तिन्हीकडं ‘आमचाच’ असतो. बिचारा नेमका शिकला कुठं, याचा तपास सीआयडीकडं द्यायला हरकत नाही.

याच दसरा चौकाच्या आसपास शाहू महाराजांनी बोर्डिंगं उभी करवली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा, पुढं जैन, मुस्लिम, लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मिस क्लार्कच्या समारंभाला गेला म्हणून जैन बोर्डिंगनं एका विद्यार्थ्याला बाहेर काढलं. त्याचं नाव भाऊराव पाटील. त्या काळी वसतिगृहातून नाव कमी व्हायला एवढं मोठं कारण लागायचं. आता दुसरा हप्ता चुकला तरी भागतं.

१९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. नंतरच्या शंभर वर्षांत आपण बरीच प्रगती केली. आता दंड पाठवणाऱ्याला होतो.

आमचे आबा करवीर तालुक्यातले. दोन एकर ऊस, एक मुलगा. परवा ते एका करिअर समुपदेशकाकडं जाऊन आले. तिथं पोराच्या दहाही बोटांचे ठसे घेतले आणि यंत्रानं सांगितलं, मुलात डेटा सायन्स आहे. आबा म्हणाले, “साहेब, सोसायटीच्या कर्जाला आमचं बी ठसं घेत्यात. तवा तर नुसती थकबाकीच निघती.”

“फी किती?” असं आबांनी विचारताच समुपदेशक दुखावले. “फी नका म्हणू, इन्व्हेस्टमेंट म्हणा.”

“म्हणतो की. पर किती?”

चार वर्षांचे अकरा लाख. पहिला हप्ता ऐन पावसाळ्यात. साखर कारखान्याचं धुराडं पेटतं दिवाळीच्या मागंपुढं. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावं असा कायदा आहे, पण त्याआधी जयसिंगपूरची ऊस परिषद, मग आंदोलन, मग बैठक, मग पुन्हा बैठक. कॉलेजच्या फी काउंटरला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला फक्त ‘लेट फी’ ठाऊक असते.

मग शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे खरं आहे. पण अकरा लाखांसाठी बँकेनं जामीनदार मागितला. आबांचे चुलतभाऊ जामीन राहिले असते, पण त्यांच्याशी बांधाची केस चालू आहे. शेवटी काकूंच्या पाटल्या गुजरीत गेल्या. सराफ कोणत्याच पोर्टलवर अर्ज भरायला सांगत नाही.

शिष्यवृत्ती आहे की! तीही महाराजांच्याच नावाची. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधारला जोडलेलं खातं आणि महाडीबीटीचा सर्व्हर जागा असण्याचा शुभमुहूर्त एवढंच लागतं. कॉलेज म्हणतं, आधी सगळी भरा, सरकारचे आले की परत देऊ. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना अनेक मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘डेव्हलपमेंट’ शुल्क वेगळं असतं. विकास कुणालाच माफ नाही.

त्या दिवशी समुपदेशकाकडून निघता निघता आबांनी हळूच विचारलं, “कळंब्याचं आयटीआय कसं हाय?” समुपदेशकांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जणू त्यांनी तांबड्या रश्श्यात साखर मागितली. कारण उघड आहे. आयटीआय करून पोरगं उद्यमनगरात किंवा शिरोलीत शिकाऊ उमेदवार लागलं, तर १९६१ च्या कायद्यानं त्यालाच दरमहा विद्यावेतन मिळतं. शिकायचं आणि वर पैसे घ्यायचे! असल्या धंद्यात मधल्याला काय सुटणार? म्हणून त्याचा फलक कुठल्याच चौकात नसतो. कारखानदार सीएनसी ऑपरेटर शोधत फिरतो आणि मुलीचा बाप इंजिनिअर जावई. दोघांपैकी बापाचं काम लवकर होतं, कारण घरी बसलेले इंजिनिअर मुबलक आहेत. माझं म्हणाल तर डेटा सायन्सला माझा विरोध नाही. ज्याच्या डोक्यात ते आहे त्यानं जरूर शिकावं. बोटात असून भागत नाही.

आबांच्या पोराचा प्रवेश आता मॅनेजमेंट कोट्यातून ठरतोय म्हणे. डोनेशन अजिबात नाही. महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फीला कायद्यानं बंदी आहे, तेव्हा ती कोण घेईल? फक्त इमारत निधी आहे, तोही ऐच्छिक. इच्छा झाली नाही तर जागा संपते.

तेव्हा पालकहो, पाटल्या उतरवण्याआधी एक करा. खासगी व्यावसायिक कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार दिलेली असते. ती बघून जा, तिच्या वर एक रुपयाही मागितला तर पावती मागा, आणि पावती देत नाहीत तिथं पैसे देऊ नका.