दहा मिनिटांचे काका

शिरगावचे खोलीवाले काका बदलापूर पूर्वेला बाराही महिने आढळतात. कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की त्यांचा वावर वाढतो. वय साठीच्या पुढे, हातात किल्ल्यांचा जुडगा, खिशात आधारकार्डांच्या झेरॉक्सची घडी. भाड्याने द्यायला एकच वन आरके आणि तोंडात एकच वाक्य : "स्टेशनपासून दहा मिनिटं."

सांगली, जळगाव किंवा कणकवलीहून मुंबईत शिकायला आलेला मुलगा काकांपर्यंत टप्प्याटप्प्याने पोहोचतो. आधी वसतिगृहाची यादी लागते आणि तिच्यात त्याचे नाव नसते. मग दादर-माटुंग्याला कॉट बेसिसची चौकशी होते. तिथल्या एका खाटेच्या भाड्यात गावाकडे अंगणासकट घर मिळते. पुढे ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ असे करत भाडे उतरत जाते आणि मुलाचा चेहराही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून 68 किलोमीटरवर, बदलापुरात, एकदाचे भाडे परवडते. फास्ट लोकलनेही हा प्रवास साधारण दीड तासाचा आहे. काका तो हिशेबात धरत नाहीत. "गाडीत तर नुसतं उभंच राहायचंय. उतरलास की दहा मिनिटं."

खोली दाखवायला नेताना काका शेअर रिक्षा करतात. "एरवी चालतच येतो, आज गुडघा धरलाय." दुसऱ्या दिवशी मुलगा चालत निघतो आणि पंचविसाव्या मिनिटाला पोहोचतो. तक्रार केल्यास दोष रस्त्याला नसून पिढीला असतो : "मोबाइलमध्ये बघत चाललं की असंच होतं."

काकांचे सगळे जग याच एककात मोजलेले आहे. नळाला पाणी दहा मिनिटांत येते, गेलेली वीज दहा मिनिटांत येते, प्लंबर तर कालपासून दहा मिनिटांवर आहे. भाडे मात्र एक तारखेला सकाळी सातला लागते. तिथे दहा मिनिटांची सवलत नाही. मित्र मुक्कामाला आणायचा नाही, आणलाच तर त्याच्याही आधारकार्डाची झेरॉक्स द्यायची. अंडी चालतात, वास चालत नाही.

कराराचा विषय निघाला की काका कायदेपंडित होतात. "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही," हे त्यांना कट्ट्यावर समजलेले असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. कैद ऐकून काका हसतात. भाडेकरूचे खरे धरतात हे ऐकून बसतात. तरीही नोंदणीचा खर्च कोणी करायचा यावर महिना जातो.

मात्र मुलाच्या स्वाधार योजनेचा अर्ज अडला की चित्र बदलते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना ही योजना मुंबईसारख्या शहरात वर्षाला 60 हजार रुपयांपर्यंत मदत देते, आणि अर्जाला राहत्या जागेचा कागद लागतो. मग काका स्वतःच करार नोंदवायला निघतात आणि वाटेत मुलालाच दटावतात, "आधी सांगायला काय झालं होतं?"

पावसाळ्यात त्यांचा आणखी एक गुण दिसतो. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. लोकल अंबरनाथच्या पुढे सरकत नाही अशा रात्री काका मुलाला दर दहा मिनिटांनी फोन करतात. ही दहा मिनिटे घड्याळातली असतात. काकूंनी आमटी-भात झाकून ठेवलेला असतो. तो भाड्यात धरत नाहीत.

हे काका बहुधा मूळचे शिरगावचे नसतात. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, वडिलांची गिरणी गेली आणि पुढे लालबाग-परळची चाळीतली खोली विकून कुटुंब बदलापूरला आले. बिल्डरने तेव्हा सांगितले होते : स्टेशनपासून दहा मिनिटं. त्या वेळी भातखाचरांच्या बांधावरून आडवी पायवाट होती, आणि लेटमार्क चुकवायचा असलेल्या जवान माणसाला ती दहा मिनिटांत कापावीच लागे. नंतर खाचरांवर इमारती आल्या, पायवाट बुजली, रस्त्याला वळसा पडला. काकांचे वन आरके त्यांतल्याच एका इमारतीत आहे. वाट त्यांनी स्वतःच विकत घेऊन भाड्याने लावली आहे, हे त्यांच्या लक्षात आलेले नाही.

तेव्हा काकांना खोटारडे म्हणता येत नाही. त्यांचे माप जुने आहे. खोली जरूर घ्यावी. अंतर एकदा सामानासकट चालून पाहावे, करार पहिल्याच आठवड्यात नोंदवून घ्यावा, आणि आमटी-भाताचे किती झाले, असे काकूंना कधीही विचारू नये.