बंदूक रुळवावी कशी

नवी अर्धस्वयंचलित बाराबोअर बंदूक कारखान्यातून तयार होऊन येते, रुळून येत नाही. पहिला बार ती मालकाच्या इच्छेने काढते. रिकामे काडतूस फेकून दुसरे आत घेणे मात्र तिच्या मर्जीवर असते. ही मर्जी दोन प्रकारची. एकीत नळीच्या छिद्रांतून आलेला वायू पिस्टन रेटून बोल्टला मागे ढकलतो. दुसरीत हेच काम बंदुकीचा धक्का करतो. 1902 पासून बेल्जियममध्ये बनू लागलेली जॉन ब्राउनिंगची ऑटो-5 धक्क्यावर चालणारी. हलक्या-भारी काडतुसांनुसार तिची घर्षणकडी बदलून लावावी लागे. दोन्ही प्रकारांत स्प्रिंगच्या जोराने परतणारा बोल्ट नवे काडतूस चेंबरमध्ये घालतो.

नवेपणी स्प्रिंग ताठ असते, घासणारे भाग खरबरीत असतात आणि अंगभर गंजरोधक ग्रीस थापलेले असते. अशा वेळी हलके काडतूस उडवले, की बोल्ट अर्ध्या वाटेतून परततो आणि रिकामे काडतूस बाहेर पडायच्या खिडकीत उभे अडकते. यावर इलाज आहे; पण तुरीत शिरलेले रानडुक्कर तो होईपर्यंत थांबत नाही. शेजारच्या धुऱ्यावरून तेवढी चौकशी येते, "काय भाऊ, अटकली काय?"

रुळवण्याची पहिली पायरी साफसफाईची. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ग्रीस पूर्ण पुसावे आणि तेलाचा पातळ हात फिरवावा. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, सढळ हाताने ओतलेले तेल काळ्या मातीची धूळ आणि कापसाची बोंडूस सारख्याच मायेने जवळ करते. दसऱ्याची शस्त्रपूजाही नळीच्या बाहेरच आटोपावी. खिडकीतून आत गेलेली एक अक्षत काडतूस ओढणाऱ्या आकड्याखाली बसली, तर बंदूक पुढच्या दसऱ्यापर्यंत सोवळ्यात राहते.

दुसरी पायरी बिनखर्चाची, म्हणून सर्वांत लोकप्रिय. रिकाम्या बंदुकीचा बोल्ट हाताने पुन्हापुन्हा मागेपुढे करावा. याने भाग थोडे घोटले जातात आणि ओसरीवरच्या पाहुण्यांना बंदूक घेतल्याची वार्ता वेगळी सांगावी लागत नाही.

तिसरी पायरी खरी: भारी काडतुसे उडवणे. ती खोक्यांनी उडवावीत, असा परदेशी कारखानदारांचा सल्ला असतो. अमरावती-अकोल्यात तो परवान्यापाशी अडकतो, कारण काडतुसे किती घ्यायची हे परवान्यातच लिहिलेले असते. मुळात अर्धस्वयंचलित बंदूक शस्त्र नियमांच्या प्रतिबंधित वर्गात मोडते. तिच्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण पुरत नाही, दिल्लीच्या गृह मंत्रालयापर्यंत जावे लागते. वरातीत बार काढून सराव करावा, तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवले आहेत. डुकरावर करावा, तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार आधी परवानगी हवी. एवढ्यात निवडणूक लागते आणि बंदूक ठाण्यात जमा होते. परिणामी बंदूक नवीच राहते. परवान्याच्या घड्या तेवढ्या रुळतात.

चौथी पायरी खांद्याची. धक्क्यावर चालणारी बंदूक खांद्याला घट्ट टेकवावी. ढिल्या हाताने धरली, तर सगळी बंदूकच मागे सरकते, बोल्टला मिळायचा जोर वाया जातो आणि काडतूस अडकते. दोष मात्र काडतुसाला दिला जातो, कारण ते उलटून बोलत नाही.

शेवटी कसोटी. नेहमीच्या वापरातली काडतुसे भरून पूर्ण मॅगझिन अनेकदा न अडखळता रिकामे झाले, की बंदूक रुळली म्हणावे. एकदा चालली म्हणजे रुळली नव्हे.

ज्याला एवढी काडतुसे परवडत नाहीत, त्याच्यासाठी दुनळी आहे. 1959 चा शस्त्र कायदा संरक्षणासाठी निदान 20 इंच नळीची साधी बंदूक मान्य करतो आणि पीकरक्षणासाठी ठासणीचीही. दुनळी मोडायची, दोन काडतुसे घालायची, मिटायची. तिच्यात आपोआप काहीच होत नसल्याने आपोआप अडकायचेही काही नसते. दोन बारांत डुक्कर पळाले नाही, तर तिसऱ्या काडतुसाची वाट पाहण्यापेक्षा मालकाने पळावे, हेच जास्त खात्रीचे.