साठीनंतरची डबलसीट

उतारवयात बायकोला मागे बसवून मोटारसायकल चालवणे हा वेगळाच उद्योग आहे. त्यात चालक दोन असतात आणि हॅन्डल एक. वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या मेडशीला हा उद्योग नेहमीचा. गाव अकोला-वाशीम रस्त्यावर. दवाखाना, लग्न, तेरवी, सगळ्याला तोच रस्ता. एका अंगाला मालेगाव, दुसऱ्या अंगाला पातूर आणि त्या बाजूला घाटाची वळणे.

सर्वांत अवघड टप्पा गाडी हलण्याआधीच येतो. साठीनंतर गाडी ओट्याला लावावी लागते. त्याने ब्रेक दाबून दोन्ही पाय रोवायचे. तिने एक हात त्याच्या खांद्यावर, दुसरा मागच्या कडीवर ठेवून चढायचे. साडी सावरली, पिशवी मांडीवर आली, की विचारणा होते, "बसली काय?" उत्तर येते, "बसली न, पण निंगू नका अजून." या 'अजून'ला मुदत नसते. बायको खालीच राहिली आणि गाडी पुढे गेली, अशी गोष्ट गावोगाव सांगतात. तिच्यातला नवरा नेहमी शेजारच्या गावचा असतो.

मागच्या स्वारीचा विचार कायद्यानेही केला आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२८ नुसार मागे एकच व्यक्ती बसते आणि कलम १२९ नुसार हेल्मेट दोघांनाही लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ धरायला कडी, पायाला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे कवच मागतो. हेच साडीगार्ड. मागून येणाऱ्या सूचना अडवणारे कवच मात्र नियमात नाही.

मागे वजन आले की पुढचे चाक हलके होते आणि दिव्याचा झोत वर चढून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून मागच्या टायरात हवा जास्त भरतात आणि शॉकॲब्सॉर्बर एखादी खाच कडक करून घेतात. वजन नेमके कोणाचे वाढले, हा विषय मेकॅनिकच्या दुकानात निघू नये.

रस्त्यावर त्याला समोरचे दिसते आणि तिला सगळेच. "अवो, म्हैस!" ही सूचना म्हैस मागे पडल्यावरही येऊ शकते. वारा आणि हेल्मेट यांमुळे त्याला निम्मेच ऐकू येते आणि उरलेले ऐकायला तो मान वळवतो. खरा धोका म्हशीपेक्षा या मानेचा. जाणती जोडपी म्हणूनच खांद्यावरच्या थापेवर भागवतात. पातूरकडे उतरताना ती पुढे सरकते, तो टाकीवर रेटला जातो आणि प्रत्येक ब्रेकला हेल्मेटवर हेल्मेट आदळते. अशा उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याची बचत ब्रेकच्या लायनरमध्ये जाते.

उतरताना क्रम उलटा: आधी ती, मग तो. उतरल्यावर ती पाय मोकळे करते आणि तो साईड स्टॅण्ड शोधतो.

राहिला परवाना. पंचावन्न उलटल्यावर त्याचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांपुरतेच होते आणि नमुना १-अ मधले डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. नजर तक्ता वाचून कळते. ऐकू नीट येते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा सोबत आलेली बायकोच देते.