गप झालेलं लेकरू

“मावशी, नातू लई रडायलता म्हणं रात्री?”

“मेला त्यो मोबाइल! दिवाळी झाली की पोरगा-सून ऊस तोडायला कारखान्याला गेले. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता न्यावाच लागतोय. लेकरू आधी रडरड रडलं, मग माझ्या कुशीत गप झालं. शहाणं हाय म्हणलं. काल सुनंचा व्हिडिओ कॉल आला अन् तिचं तोंड बघून त्यानं भोकाडच पसरलं. आता फोनच लावणार नाही.”

“असं नका करू. आमची सुमी उदगीरला झूलॉजी शिकायलीय, तिनं सांगितलं. अमेरिकेत स्टॅनफर्डला सेमूर लेव्हिन अन् त्याच्या सोबत्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या बारक्या माकडांचं पिल्लू आईपासून काढलं. कळपातल्या दुसऱ्या माद्यांनी पाठीवर घेतलं, पिल्लाचं ओरडणं कमी झालं. पण रक्त तपासलं तर कॉर्टिसॉल चढलेलंच!”

“त्ये काय अन् आता?”

“मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी असतीय. जीव घाबरला की ती हे कॉर्टिसॉल रक्तात सोडती. अर्ध्या तासात चढलेलं दिसतंय. आईचंबी चढलं होतं बरं का.”

“तिचं चढणारच की. त्याला रक्त कशाला काढायचं?”

“फुडं ऐका. मग लाल तोंडाची माकडं घेतली, आपल्याकडची. पूर्वी हजारोंनी परदेशी जायची, 1978 ला सरकारनं बंद केलं. काही पिल्लांना शेजारच्या पिंजऱ्यात आई दिसायची, काही पार एकटी. आई दिसत होती ती जास्त ओरडली. अन् कॉर्टिसॉल जास्त चढलं एकट्यांचं.”

“म्हंजे बोंबलतंय तेच बरं?”

“आई समोर हाय म्हणून हाका मारायलंय ते. गप बसलेल्याचं आत काय चाललंय कोण बघतंय?”

“माझं लेकरू माकड नव्हं, सांग सुमीला.”

“नाहीच. अन् फोन म्हंजे काय आई नव्हं. पर तुम्हीबी हाव की त्याला. ओळखीच्या कळपात राहिलेल्या पिल्लाचं एकट्यापेक्षा कमी चढतंय, हेबी नंतर निघालं.”

“बरं बाई, लावते सांजच्याला. रेंज मात्र तुझ्याच कुंपणापाशी येतीय.”

“या की. सुनंला म्हणावं, फडातून कोपीवर आली की दिवस बुडायच्या आत लाव. अंधारात तोंड दिसत नाही.”