ज्वालामुखीचं सरबत

पिठीसाखर आणि खायचा सोडा दिसायला सारखेच असतात, हे बी.एस्सी.ला शिकवत नाहीत. मी वाटीत लिंबू पिळलं, "आता बघ हं, कार्बन डायऑक्साइड!" अशी घोषणाही केली. ज्वालामुखी ढिम्म. सव्वाचार वर्षांच्या नातीने वाटीत बोट बुडवून चाटलं आणि निकाल दिला, "आबा, सरबत!"

सूनबाई सायन्स किट मागवणार होती, मीच अडवलं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते आसपास फुकट मिळणाऱ्या वस्तूंवर, असं व्याख्यान दिलं. बोर्डी तरी लांब, डहाणूच्याही पुढे. आपलं स्वयंपाकघर बोरीवलीतच आहे! (ताराबाई मला किटची किंमत ऐकल्यावर आठवल्या, हे घरात कुणी बोललं नाही. माणसं चांगली आहेत.)

दुसरा प्रयोग हळदीच्या पाण्याचा. ते माझ्या पांढऱ्या झब्ब्यावर सांडलं. हिने झब्बा ओढून मोरीत नेला, साबण घासला आणि पिवळा डाग लालभडक झाला.

"आजीने जादू केली!"

मी सरसावलो. "जादू नाही गं, हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत..."

"साबणाने लाल, लिंबाने परत पिवळी," ही म्हणाली. "चाळीस वर्षं धुतेय तुमचे कपडे."

हळदीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. माझी आजी घरी कुंकू करायची. हळकुंडं, टाकणखार, तुरटी आणि वर लिंबाचा रस. आता साबणाचा लाल लिंबाने उतरतो, मग कुंकू लिंबातच लाल कसं होतं? कारण टाकणखारात बोरॉन असतं. आम्लात ते कर्क्युमिनला धरतं आणि वाळता वाळता तांबडा रंग पक्का बसतो. कॉलेजात हीच बोरेटची परीक्षा. हळदीचा कागद द्रावणात बुडवायचा, वाळवायचा, लाल झाला की जर्नलात 'बोरेट आहे' लिहायचं. मी ते लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले आणि सुट्टीत घरी जाऊन आजीला समजावून सांगितलं. तिच्या कपाळावरची अख्खी प्रयोगशाळा मला दिसली नाही. ती म्हणाली, "हुशार आहेस हो."

हिने झब्बा पिळून खिडकीच्या ग्रिलमध्ये टाकला. हळदीचा उरलेला डाग उन्हात उडतो, हे मला केमिस्ट म्हणून ठाऊक असायला हवं होतं. मला वाटायचं, कपडे तिथे वाळायला घालतात. समोर टॉवर उठल्यापासून आमच्याकडे ऊन जेमतेम दीड तास येतं. तेवढ्या वेळात कुठला झब्बा कुठल्या सळीवर, डागाची बाजू बाहेर की आत, याचा हिशेब ही रोज करत होती आणि मी शेजारी बसून पेपरात टॉवरविरुद्ध पत्रं लिहीत होतो.

नात स्टुलावर बसून डागावर नजर ठेवून होती. मी वाकून समजावायला गेलो.

"आबा, सरक ना," ती म्हणाली, "ऊन अडतंय."