कोऱ्या कागदाचे भय

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्राची भूमिका वठवण्याचा खेळ प्रसिद्ध करून मनुष्यमात्राची सहा गुणांत विभागणी केली, आणि प्रत्येक गुणाचे मोल तीन फाशांच्या बेरजेने, म्हणजे ३ ते १८ या मर्यादेत, ठरू लागले, तेव्हापासून या खेळाच्या उपासकांची कल्पनाशक्ती जुन्या कचेरीतील कारकुनाप्रमाणे रकान्यांतच सुखाने नांदत आली आहे. पुढे १९९२ साली जोनाथन ट्वीट यांनी ‘ओव्हर द एज’ या अशाच खेळात गुणांची ती ठरीव यादी बाजूस सारून, आपले पात्र कोण आहे हे खेळाडूने स्वतःच्याच शब्दांत सांगावे, अशी मुभा दिली. ही सनद हाती पडताच, ड्रॅगनच्या जबड्यात निःशंकपणे उडी घेणारा मुरब्बी खेळाडू (आणि मुरब्बी जितका अधिक, तितका हा विकार जुनाट) कोऱ्या कागदासमोर मात्र घामाघूम होतो, आणि वाटेल ते लिहिण्याची परवानगी असेल तर वाटण्यास योग्य अशा गोष्टींचा तक्ता कोणत्या पृष्ठावर आहे, अशी नम्र पृच्छा करतो. तक्ता नाही असे कळल्यावर दीर्घ चिंतनांती तो ‘शूर, बलदंड, तलवारबाज’ एवढे लिहितो. आणि बलदंडपणाचे १८ पैकी किती धरावयाचे, याबद्दल तोंडी खुलासा नाकारून लेखी हुकूम मागतो.